सुमारे दोनशे

सोमवार, ६ जानेवारी

ही वही लेकीने दिलेली. दोन वर्षं कपाटात कोरी पडून होती. आज काढली, कारण मनातलं बोलायला माझी थोरली बहीण, आक्का, राहिली नाही, आणि लेकीला सांगावं तर ती पुरतं ऐकायच्या आधी यादी करायला बसते.

काल तिच्याकडेच निघालो होतो. बसने पाऊण तास. निम्म्या वाटेत हे अचानक उठले आणि भलत्याच थांब्यावर उतरले. मी पिशव्या सावरत मागोमाग. बघते तर भिंतीकडे तोंड करून उभे, पुढे वर्तमानपत्र धरलेलं. पॅंट गुडघ्यापर्यंत ओली. मी काही विचारलं नाही. माझी शाल दिली, ती त्यांनी कमरेला गुंडाळली आणि टॅक्सी करून आम्ही घरी परतलो. लेकीला फोनवर सांगितलं, बस बिघडली.

वर्षभर चाललंय. रात्री चार चार वेळा उठायचं, बाथरूममध्ये दहा दहा मिनिटं उभं राहायचं, बाहेर येऊन पाठ टेकली की परत जायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वय झालं, दुसरं काय." माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे आहेत, त्र्याहत्तर पूर्ण, पण हे त्यांना फक्त अशा वेळी आठवतं. एरवी जिना माझ्याआधी चढतात.

आज सकाळी चहा पिताना स्वतःच म्हणाले, "डॉक्टरची वेळ घे." चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे खोटे तराजू पकडण्यात हयात गेली, कोणापुढे मान खाली घातली नाही. हे वाक्य बोलताना मात्र कपात बघत होते.

गुरुवार, ९ जानेवारी

मूत्रविकाराचे डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाचे निघाले. शांत आहेत, पण भराभर बोलतात. मला पडद्याबाहेर बसवून त्यांनी मागच्या बाजूने बोट घालून तपासलं. हे बाहेर आले ते तोंड एवढंसं करून. जेवताना म्हणाले, "दुकानदाराला कसं वाटत असेल ते आज कळलं."

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची गाठ असते म्हणे. तरुणपणी अक्रोडाएवढी. ह्यांची लिंबापेक्षा मोठी झालीय आणि वाट आवळतेय. लघवी, रक्त, सोनोग्राफी आणि धारेचा वेग मोजायची एक चाचणी, एवढं करून या म्हणाले. गोळ्यांनी भागलं तर ठीक, नाही तर ऑपरेशन.

पुढचं मी काही ऐकलंच नाही. आक्काचंही साधंच ऑपरेशन होतं, पित्ताशयाच्या खड्यांचं. "दोन तासांत येते, तोवर माझा चष्मा सांभाळ," म्हणून आत गेली. भूल दिली ती उतरलीच नाही. संध्याकाळपर्यंत तो चष्मा हातात धरून मी बाकावर बसले होते.

ह्यांना हे सांगायचं नाही. त्यांना माहीतच आहे, पण सांगायचं नाही.

सोमवार, १३ जानेवारी

सगळ्या तपासण्या झाल्या. एक सोडून.

सोनोग्राफीला भरपूर पाणी पिऊन थांबायचं होतं. हे बाकावर पाय आवळून बसले होते आणि आत एका बाईंची तपासणी काही संपेना. मग मोकळे होऊन आल्यावर परत बघितलं, तर आत एकशे तीस मिलीलीटर तसंच राहिलेलं.

धारेच्या चाचणीत एका नरसाळ्यात करायची असते, खाली यंत्र वेग मोजतं. दाराबाहेर माणूस उभा. हे वीस मिनिटं आत होते. एक थेंब नाही. तो माणूस चांगला होता बिचारा, म्हणाला, "आजोबा, परवा परत या." हे म्हणाले, "मी तुमचा आजोबा नाही." परवा काही गेलो नाही. मीच म्हटलं, कशाला उगाच.

रक्तात एक पीएसए नावाचा आकडा असतो, तो चारच्या आत हवा. ह्यांचा सहा पूर्णांक दोन. लेक फोनवर म्हणाली, "आई, घाबरू नकोस. तो बऱ्याच कारणांनी वाढतो." घाबरू नकोस म्हणताना तिचा आवाज मात्र वर चढला होता. कुठल्या कारणांनी, ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. कॅन्सर हा शब्द तारेवर दोन्ही बाजूंनी लटकत राहिला.

भावजींना कसं कळलं देव जाणे. ह्यांच्या या धाकट्या भावाला प्रत्येक आजारावर एक उपाय माहीत असतो आणि तो उपाय केलेला एक मित्र असतो. भोपळ्याच्या बिया पाठवून दिल्यात, अर्धा किलो.

शुक्रवार, १७ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतू आहेत, त्यानेही पीएसए वाढतो. आधी जंतूंचा बंदोबस्त, मग सहा आठवड्यांनी तो आकडा परत बघू, तेव्हा पुढचं. धार मोकळी व्हायला रात्री झोपताना एक गोळी. पंधरा दिवसांनी तीन दिवसांचा तक्ता भरायचा: किती वाजता, किती मिलीलीटर, रात्री किती वेळा. "यंत्राची चाचणी झाली नाही ना, मग तक्ता नीट भरा. त्यावरून ठरवू. आकडे चांगले नसले तर ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही."

मी तक्त्याचा कोरा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

रविवार, २ फेब्रुवारी

तीन दिवस घरात वजनमापे खातं उघडलं होतं.

मी आणलेला प्लॅस्टिकचा मग ह्यांनी पहिल्याच दिवशी नापास केला. स्वतःचं जुनं पितळी माप काढलं, पाणी ओतून पाहिलं आणि जाहीर केलं, "शंभरला आठ कमी." मग मगावर खिळ्याने नव्या रेघा ओढल्या. त्यानंतर दर वेळी आतून आकडा सांगायचे आणि मी शिवणाच्या मशीनजवळच्या कच्च्या कागदावर लिहायची. नव्वद. एकशे बारा. पंच्याऐंशी. साठ. एकदा मी म्हटलं, "म्हणजे सुमारे शंभर?" आतून आवाज आला, "सुमारे हे माप नाही, ती पळवाट आहे. नव्वद म्हणजे नव्वद."

रात्री पाच वेळा. दुसऱ्या रात्री सहा.

आज दुपारी तक्त्याची स्वच्छ प्रत केली. हे झोपले होते. काय झालं ते सरळ लिहिते, इथे नाही तर कुठे लिहिणार. नव्वदच्या जागी माझ्या हातून एकशे चाळीस पडलं. मग खालचे साठ त्याच्याशेजारी फारच गरीब दिसायला लागले, म्हणून त्यांनाही थोडं वर घेतलं. रात्रीचे पाच तीन केले. सहाचेही तीनच. एके ठिकाणी सरळ दोनशे.

माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. बाई कंबर चौतीस सांगते, मी छत्तीस धरते. तिला बसतं, ती खूश, मी खूश. गोळ्या सुरू होऊन दोनच आठवडे झालेत, अजून लागू पडायच्या आहेत. महिन्याभराने आकडे असेच येतील, मी ते थोडे आधी लिहिले, एवढंच.

कच्चा कागद फाडून टाकला.

उठल्यावर सहीला दिला. कुठलाही कागद सहीशिवाय घराबाहेर जाऊ द्यायचा नाही हा त्यांचा जुना नेम. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "शनिवारी पहाटे दोनशे झाली होती?"

मी म्हटलं, "सुमारे."

हा शब्द ऐकला की उखडतात. आज काही बोलले नाहीत. सही केली, खाली तारीख घातली. पेंगत होते अजून, दुसरं काय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "छान. गोळी लागू पडतेय." ऑपरेशनचं सध्या काही नाही. महिन्याने एकदा आत किती उरतं ते बघू, पीएसए परत करू.

मला वाटलं दवाखान्याच्या पायऱ्या उडी मारून उतराव्यात. हे हळूहळू उतरले. "बरं वाटतंय ना ऐकून?" असं विचारलं, तर म्हणाले, "तुला वाटतंय ना?"

बुधवार, १२ फेब्रुवारी

हे आताशा फार गुणी झालेत. स्वतःचे आतले कपडे स्वतः धुतात, मला हात लावू देत नाहीत. आज मागच्या खोलीत पडद्याआड दोरी बांधलेली दिसली, तीन चड्ड्या वाळत होत्या. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात रुमाल धुतला नव्हता या माणसाने. म्हातारपणी अक्कल येते म्हणतात ते खोटं नाही.

पाणी मात्र कमी पितात. तहान नाही म्हणे.

सोमवार, ३ मार्च

आज तपासणीची तारीख होती. गेलो नाही. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आलंय, बावीस पॅंट्स, सगळ्यांच्या कमरा सैल करायच्यात. शिवाय चांगलं चाललंय तर कशाला खाजवून खरूज काढा. पुढच्या आठवड्यात बघू.

ह्यांनीही आठवण केली नाही. एरवी गॅसची टाकी कधी लावली त्याचीही तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवणारा माणूस.

थकल्यासारखे दिसतात. जेवण निम्म्यावर आलंय. मोजे काढले की घोट्यांवर खोल वळ उमटलेले असतात. मोजे घट्ट झाले असतील, नवे आणले.

शनिवार, ८ मार्च

ह्यांना सर्दी. नाक गळतंय, शिंका थांबत नाहीत. माझ्या डब्यातली सर्दीची गोळी दिली, मला ती एका रात्रीत बरं करते.

सोमवार, १० मार्च

गोळी बघा कशी असते. नाक कोरडं, आणि काल रात्री हे फक्त एकदा उठले. एकदाच. मी मुद्दाम जागी राहून मोजलं. म्हटलं, बाई, जिंकलीस. आज आणखी एक दिली.

मंगळवार, ११ मार्च

हॉस्पिटल. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर कसं येतंय बघत नाही.

सकाळपासून त्यांना होत नव्हती. एक थेंब नाही. दहा वाजता पोट दगडासारखं झालं, अकराला हे भिंतीला डोकं टेकून कण्हत होते. मी नळ सोडून ठेवला, गरम पाण्याची पिशवी दिली, पाठीवर हात फिरवला. शेवटी म्हणाले, "मला घेऊन चल." असं काही मागणारा माणूस नाही हा.

नळी घातली तेव्हा मी पडद्याबाहेर होते. नर्स आत आकडे मोठ्याने सांगत होती. पाचशे. आठशे. हजार. मला वाटलं ती दुसऱ्या कोणाचं तरी वाचतेय. चौदाशे पन्नास.

डॉक्टरांनी विचारलं, काही नवीन औषध? मी सर्दीची गोळी सांगितली. त्यांनी डोळे मिटून घेतले क्षणभर. त्या गोळीने आवळलेली वाट पार बंद होते म्हणाले. "पण नुसत्या दोन गोळ्यांनी एवढं साठत नाही. हे कित्येक आठवडे तुंबत होतं. दोन्ही किडन्या सुजल्यात. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन जानेवारीत एक पूर्णांक एक होतं, आज दोन पूर्णांक सहा. आणि तक्ता तर उत्तम होता."

ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो."

नुसतं हो.

गुरुवार, १३ मार्च

लेक येऊन गेली. तिने डॉक्टरांना एकोणीस प्रश्न विचारले. मी तिच्या मागे उभी होते आणि दर प्रश्नाला वाटत होतं, आता विचारेल, आता निघेल. तक्त्याचं तिला माहीतच नाही.

ती गेल्यावर मी ह्यांच्या पलंगाशी स्टूल ओढलं. लघवीची पिशवी खाली लटकत होती, तिच्याकडे बघत बोलले, कारण तोंडाकडे बघून जमलं नसतं.

"तो तक्ता मी खोटा लिहिला."

"माहितीये."

मला वाटलं ऐकू आलं नसेल. परत म्हटलं, "आकडे वाढवले मी."

"शनिवारी पहाटे सत्तर होती. तू दोनशे लिहिलंस. त्याआधीची नव्वद, ती एकशे चाळीस केलीस. रात्रीचे पाच आणि सहा, दोन्हीकडे तीन तीन." सगळं पाठ. "आणि अगं, खोटं लिहायचं तर नीट तरी लिहावं. सगळे आकडे शून्यावर संपतात आणि दोन रात्री अगदी एकसारख्या? असा कागद एखाद्या किराणावाल्याने दाखवला असता तर मी चहा न पिता त्याचं दुकान बंद केलं असतं."

"मग सही का केलीत?"

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा खोकत होता.

"मलाही तेच आकडे हवे होते," म्हणाले. "मला वाटलं, कापाकापी करतील आणि मग जन्मभर ही पिशवी घेऊन फिरायचं. तू लिहिलंस, मी पास केलं. चौतीस वर्षांत एकच खोटं माप पास केलं, ते स्वतःचं."

मला इतका राग आला. रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला. म्हटलं, "मी घाबरट, मी मूर्ख. तुम्हाला तर कळत होतं. तुम्ही मला का नाही अडवलं? तुम्ही मेला असता आणि मला वाटलं असतं मी मारलं." मग रडले. हे हात पुढे करत होते, पण नळी ताणली जात होती म्हणून पोचत नव्हता. मी स्टूल पुढे सरकवलं.

पडद्याआडच्या चड्ड्यांचं आत्ता, लिहिताना कळतंय.

शुक्रवार, १४ मार्च

डॉक्टरांना सांगितलं. ह्यांच्या समोर, उभी राहून. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "यंत्राची चाचणी झाली नव्हती, तर मीही नुसत्या कागदावर जायला नको होतं." मग खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "पण तुम्हाला एवढी भीती कसली वाटली?"

म्हटलं, "भुलीची. भूल उतरली नाही तर?" आणि आक्काचं सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसाला सांगितलं.

ते म्हणाले, "पण ह्यांना पूर्ण भूल द्यायचीच नाहीये. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. धोका त्यातही असतो, नाही म्हणत नाही, पण झोपवणार नाही त्यांना. जागे असतील. बोलतील."

दोन महिने. दोन महिने हा प्रश्न माझ्या घशाशी होता आणि मी तो विचारला नाही. विचारला असता तर एका वाक्यात संपला असता. मी शिवायला आलेल्या प्रत्येक बाईला दहा प्रश्न विचारते, खिसा कुठे, बटण कसलं. इथे माझी जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

ह्यांनीही आपलं विचारून घेतलं, पिशवीचं. ती जन्मभराची नाही, दोन-तीन दिवसांची. एवढी वर्षं एका छपराखाली राहून दोघांनी दोन वेगळ्या भीत्या सांभाळल्या आणि दोन्ही फुकट.

शुक्रवार, २८ मार्च

नळीसह घरी आहोत. क्रिएटिनिन एक पूर्णांक चारवर आलंय. डॉक्टर म्हणतात, आणखी किती उतरेल सांगता येत नाही, थोडं नुकसान कायमचं राहील कदाचित. हे वाक्य मी रोज कामात असताना मध्येच ऐकते. पॅंटची शिवण उसवता उसवता हात थांबतो.

परवा नळी काढून बघितली. झाली नाही. परत घातली.

पीएसएचं राहिलंच होतं. आत्ता तो मोजण्यात अर्थ नाही, नळीमुळेही वाढतो, म्हणून एमआरआय केला. त्यात संशयास्पद काही दिसलं नाही, त्यामुळे सध्या सुया घालून तुकडा काढायची गरज नाही. ऑपरेशनमध्ये निघेल ते तपासायला पाठवतीलच. भावजी म्हणाले, "त्यापेक्षा माझा मित्र..." हे म्हणाले, "तुझ्या मित्राला माझ्या जागी पाठव." भावजी पुढचा उपाय न सांगता उठले. पहिल्यांदाच.

ऑपरेशनचं ठरवलं. मी नाही ठरवलं, ह्यांनी ठरवलं. मला विचारलं, "तुला चालेल?" म्हटलं, "मला भीती वाटते." म्हणाले, "ते नाही विचारलं." म्हटलं, "चालेल."

मंगळवार, ८ एप्रिल

आठ वाजता आत नेलं. दारापर्यंत मी चाकांच्या पलंगाबरोबर गेले. कसंनुसं हसून म्हणाले, "आत डॉक्टरांना विचारतो, किती ग्रॅम काढलं ते वजन करून देतात का."

दार मिटलं. बाक तसाच असतो, कुठल्याही हॉस्पिटलात. मी हात मांडीखाली घेऊन बसले. लेक शेजारी होती, तिने आज यादी केली नाही. नऊ वाजले. सव्वानऊ. दार उघडलं की उठायची, दुसऱ्याच कोणाला बोलवायचे. पावणेदहाला उठून बेसिनपर्यंत गेले, तोंडावर पाणी मारलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी नर्स आली. "तुम्ही त्यांच्या मिसेस ना? झालं. व्यवस्थित आहेत. आत सारखे बोलतायत, जरा समजवा त्यांना."

मी त्या मुलीचे दोन्ही हात धरले. सोडायचं भान राहिलं नाही, तिनेच हळूच सोडवून घेतले.

शुक्रवार, ११ एप्रिल

सकाळी सहाला नळी काढली. सिस्टरने मापाचा मग दिला आणि बजावलं, "किमान दोनशे झाली आणि आत फार उरलं नाही की दुपारी घरी. प्रत्येक वेळचा आकडा मला सांगायचा, लपवाछपवी नाही." ती कोणाला उद्देशून बोलली तिलाच ठाऊक.

ह्यांना घरी जायची घाई. पहाटेच केस विंचरून, बूट घालून बसले होते. ग्लासामागून ग्लास पाणी. साडेआठला बाथरूमकडे निघाले. मी दाराशी उभी राहिले, तर आतून, "तू तिथे आहेस तोवर होणार नाही. जा." गेले. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी जाऊन थांबले. तिथे काही ऐकू येत नाही. वर्षभर मी त्या आवाजासाठी कान लावून झोपले होते, आज मुद्दाम लांब गेले आणि ते जास्त अवघड होतं.

परत येते तो हे मग हातात घेऊन बाहेर. चेहरा उतरलेला. थोडी जळजळ होते, लाल दिसते, ते सांगितलेलंच होतं. मगात मी वाकून बघितलं. नव्वद.

सिस्टर टेबलावर लिहीत होती. मान वर न करता विचारलं, "किती?"

हे म्हणाले, "दोनशे."

ठाम आवाजात. न अडखळता. मी चाट पडले. हा माणूस आयुष्यात थेंबाचंही खोटं बोलला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी सांगितलं, गप्प राहा, घरी चल. मलाही घरी जायचं होतं. तीन रात्री त्या खुर्चीत काढल्या होत्या. सिस्टरचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

मी म्हटलं, "नव्वद, सिस्टर. नव्वद झाली."

तिने मग मागितला, बघितला, नव्वद लिहिलं. "काकांना घाई झालीय वाटतं. पाणी प्या, फिरा, संध्याकाळी बघू," एवढंच म्हणाली.

ह्यांनी बूट काढले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. अबोला. जेवण आलं, जेवले, पण माझ्याशी नाही. लेकीचा फोन आला तर तिला म्हणाले, "तुझ्या आईला विचार. घरचा भेदी आहे ती." मी खुर्चीत बसून राहिले. मला भीती वाटत होती की परत नळी घालावी लागेल, आणि तरी मगाशी बोलल्याचा पश्चात्ताप होत नव्हता. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, मला माहीत नाही, पण वाटत होतं.

काढलेले तुकडे तपासायला गेलेत. आठ दिवसांनी कळेल. तेही आहेच.

साडेचारला उठले, माझ्याकडे न बघता गेले. मी जागची हलले नाही. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं आणि आतून आवाज आला, "अगं, इकडे ये."

आत गेले. मापाचा मग खिडकीच्या कट्ट्यावर सपाट ठेवलेला. "खाली वाक," म्हणाले, "वरून बघशील तर जास्त दिसेल. नजर पाण्याच्या रेघेला आली पाहिजे." मी गुडघ्यावर हात ठेवून वाकले. तेही शेजारी वाकले, एक हात माझ्या खांद्यावर टेकून. दोघांनी बघितलं.

सिस्टर दाराशी आली. "किती?"

आम्ही दोघं एकदम बोललो, "एकशे साठ."

ती म्हणाली, सुधारतंय, पण आजची रात्र राहा. राहिलो.